संगणकाचा ‘प्रोग्रॅम’ म्हणजे काय?

सभासद बंधूंनो, संगणकावर नोंद झाली म्हणजे तोडणीचा नंबर आपोआप बरोबर लागतो, असे उमरखेड-पुसद भागातील पुष्कळ जण आम्हांस सांगतात. तसे नाही. डोळ्यांना दिसते ते यंत्र. त्याने काय करावे याच्या क्रमवार लेखी सूचना म्हणजे प्रोग्रॅम. अशा प्रोग्रॅमांनाच सॉफ्टवेअर म्हणतात.

आपला तोडणी कार्यक्रमच घ्या ना! ‘लागण तारीख पाहा. सुरू ऊस १२ महिन्यांचा झाला असेल तर यादीत घ्या. नसेल तर पुढचा प्लॉट पाहा. शेवटच्या प्लॉटपर्यंत हेच करा.’ ही जर-तरची भाषा संगणकाला कळते. अंदाज बांधणे मात्र त्याच्याकडे नाही. १५ जानेवारीची लागण १५ मार्च अशी पडली, तर ऊस दोन महिने जास्त उभा राहील. तुरा येवो, वजन घटो, यंत्राला त्याचे काय!

वारणानगर परिसरात १९९८ मध्ये गावोगावी संगणक केंद्रे निघाली, ऊस नोंद व वजनाची माहिती गावातच मिळू लागली. पुढे तीच मोबाईल संदेशाने देऊन पाहिली. यंत्र बदलले, नोंद अचूक लागणे काही सुटले नाही.

म्हणून नोंदीची पावती खिशात घालण्याआधी तारीख, जात, गट नंबर वाचून घ्या. फरक दिसल्यास शेतकी मदतनीसास तेथेच सांगा. तोडचिठ्ठी निघाल्यावर दुरुस्तीला वेळ उरत नाही.