विजेरीचा झोत-विसारक

विजेरीच्या मुखावर बसवून तिच्या अरुंद झोताचे सभोवार पसरणाऱ्या सौम्य प्रकाशात रूपांतर करणारे अर्धपारदर्शक टोपण. विजेरीतील दिव्याभोवती बहुधा अन्वस्तीय परावर्तक असतो. दिवा परावर्तकाच्या केंद्राशी असल्याने परावर्तित किरण जवळजवळ समांतर होऊन दूरवर पोहोचतात. वाट शोधण्यास असा झोत सोयीचा असतो. मात्र वीज गेलेल्या खोलीत, तंबूत वा यंत्राच्या दुरुस्तीच्या वेळी मध्यभागी डोळे दिपविणारा ठिपका व त्याबाहेर गडद अंधार अशी स्थिती होते. विसारकामुळे ही अडचण दूर होते. तयार विसारक ठराविक व्यासाच्या मुखांसाठीच केलेले असतात. त्यामुळे लहान विजेरीसाठी ते जुळवून घ्यावे लागतात.

तत्त्व : घासून खरबरीत केलेल्या काचेच्या पृष्ठावरील सूक्ष्म उंचवट्यांमुळे किरणांचे निरनिराळ्या दिशांना प्रणमन होते. दुधी प्लॅस्टिकमध्ये हे कार्य पदार्थाच्या अंतर्भागात घडते. त्यात टिटॅनियम डाय-ऑक्साइडासारख्या पांढऱ्या रंगद्रव्याचे कण विखुरलेले असतात. रूटाइल प्रकारच्या या कणांचा प्रणमनांक सु. २·७, तर ॲक्रिलिक प्लॅस्टिकाचा सु. १·४९ असतो. या फरकामुळे कणाकणापाशी किरणाचे प्रकीर्णन होते व त्याची मूळ दिशा लोपते.

विसारक प्रकाश निर्माण करीत नाही, केवळ वाटून देतो. काही प्रकाश त्यात शोषलाही जातो. उदा., १०० ल्यूमेनच्या विजेरीवरील विसारकातून ७० टक्के प्रकाश बाहेर पडून अर्धगोलात सारखा पसरला, तर कोणत्याही दिशेतील तीव्रता सु. ११ कँडेला होते. म्हणजे १ मी. अंतरावर सु. ११ लक्स व अर्ध्या मीटरवर सु. ४५ लक्स प्रदीपन मिळते. जवळच्या कामास एवढा प्रकाश उपयोगी पडतो. दूरचे दिसणे मात्र संपते, कारण मूळ झोताच्या मध्यभागी तीव्रता याच्या कित्येक पट असते.

प्रकार : चपटी चकती झोत थोडासाच रुंदावते. घुमटाकार टोपणामुळे प्रकाश बाजूंसही जातो. लांब शंकूचा उपयोग वाहतूक नियंत्रणात इशारा देण्यासाठी होतो. विसारकाशिवायही हा परिणाम साधता येतो. अमेरिकेत १९८४ मध्ये बाजारात आलेल्या मिनी मॅगलाइट या विजेरीचे सु. २५ मिमी. व्यासाचे मुख काढता येत असे. त्यामुळे दिवा मेणबत्तीप्रमाणे उघडा राही व काढलेले मुख बैठक म्हणून वापरता येई.

जुळवणी : प्रथम विजेरीच्या मुखाचा बाह्य व्यास आणि विसारकाच्या तोंडाचा आतील व्यास कॅलिपरने मोजतात. दोहोंतील फरकाचा निम्मा भाग म्हणजे भरून काढावयाची जाडी होय. मुख २० मिमी. व विसारक २४ मिमी. असेल, तर चोहोबाजूंनी २ मिमी. जाडी भरावी लागते. त्यासाठी अर्धा मिमी. जाडीच्या, स्वतःलाच चिकटणाऱ्या सिलिकोन फितीचे चार वेढे पुरतात. गोंद लावलेली साधी फीत उष्णतेने घसरते व चिकट थर मागे ठेवते. फरक मोठा असल्यास रबरी नळीचा तुकडा किंवा एकाशेजारी एक अशी दोन रबरी कडी वापरतात. एकच कडे असल्यास विसारक डुलतो व तिरपा बसतो. उष्णतेने आकसणारी प्लॅस्टिक नळी वापरावयाची असल्यास तापविण्यापूर्वी विजेरीतील विद्युत् घट काढून ठेवणे अत्यावश्यक असते. विशेषतः लिथियम घट तापल्यास पेट घेऊ शकतो.

तयार विसारक नसल्यास दुधी पॉलिएथिलिनाच्या बाटलीचे टोपण किंवा छायाचित्रणाच्या ३५ मिमी. फिल्मची पांढुरकी डबी चालते. टेबल टेनिसच्या चेंडूस मुखाहून किंचित लहान भोक पाडल्यास उत्तम घुमट मिळतो. तथापि जुने चेंडू सेल्युलॉइडाचे असून ते अतिशय ज्वालाग्राही असतात. २०१४ पासून स्पर्धांत आलेले सेल्युलॉइडविरहित चेंडूच यासाठी घ्यावेत.

दक्षता : प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) असलेल्या विजेरीत दिव्याची उष्णता मुखाच्या धातूमार्फत बाहेर पडते. म्हणून मुखावरील शीतनाच्या खाचा फितीने झाकू नयेत. वेढे फक्त पुढच्या कडेवर द्यावेत. शक्तिशाली विजेरीच्या काचेसमोर काळी फीत वा काळे प्लॅस्टिक आल्यास ते प्रकाश शोषून तापते व वितळू शकते. यास्तव प्रथम कमी प्रकाशावर काही मिनिटे विजेरी चालवून विसारक हाताने चाचपून पाहतात.

विसारक कायमचा चिकटविणे इष्ट नसते. संकटसमयी दूरवर इशारा द्यावा लागला, तर तो एका हाताने ओढून निघाला पाहिजे. मात्र विजेरी उलटी धरली असता आपोआप गळून पडता कामा नये. या दोन कसोट्यांना उतरलेली जुळवणी योग्य समजतात. विसारक हरवल्यास विजेरी पांढऱ्या छताकडे रोखून उभी ठेवावी. छताकडून परावर्तित झालेला विसरित प्रकाश खोलीभर पसरतो.