शून्य आणि रिकामी जागा

गतवर्षी आमच्या वर्गाच्या चाचणीचे गुण संगणकावर चढविण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपविले. नवशिक्याच्या उत्साहात मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि निकालाची यादी फलकावर लावली. दुपारी एक वर्गमैत्रीण रडवेली होऊन आली. "अरे, मी नापास कशी? मी तर परीक्षेला आलेच नव्हते!" ती टायफॉइडने आजारी होती. तिच्या नावापुढची जागा रिकामी होती आणि माझ्या प्रोग्रामने तेथे शून्य धरले होते.

मित्रहो, शून्य आणि रिक्त या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शून्य ही संख्या आहे, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले. रिक्त म्हणजे 'माहीत नाही'. समजा, चौघांना ६०, ५०, ४० व ५० गुण मिळाले आणि पाचवा गैरहजर राहिला, तर सरासरी ५० येते. गैरहजराला शून्य दिले की तीच ४० वर घसरते.

संगणकाच्या परिभाषेत या रिक्ततेला 'नल' म्हणतात. टोनी होअर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ साली आल्गोल डब्ल्यू या भाषेत तिची सोय केली आणि २००९ साली ती आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचे स्वतःच कबूल केले. कारण जागा रिकामी आहे की नाही हे न पाहताच प्रोग्राम ती वापरू जातो आणि मध्येच बंद पडतो. एसक्यूएल या भाषेत तर 'रिक्त बरोबर रिक्त काय?' असे विचारल्यास उत्तर 'होय' नव्हे, 'अज्ञात' येते. दोन अज्ञात गोष्टी सारख्याच कशावरून? म्हणून 'ही जागा रिक्त आहे काय?' असा स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो. त्यातही कोणी चुकून स्पेसबार दाबला असेल, तर डोळ्यांना जागा रिकामी दिसते, पण संगणक ते एक अक्षरच समजतो.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या. ३० मे २०२४ रोजी येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले. संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. असा आकडा खोडल्यावर तेथे काय लिहावे? शून्य लिहिले तर मे महिन्यात नागपुरात बर्फ पडायचा! जागा रिकामीच ठेवणे प्रामाणिकपणाचे.

मी यादी दुरुस्त केली. मैत्रिणीच्या नावापुढे आता 'गैरहजर' असे होते. सरांनी तिची चाचणी पुन्हा घेतली. तेव्हापासून प्रोग्राम लिहिताना मी पहिली ओळ हीच लिहितो : आधी विचार, जागा भरलेली आहे काय? जे माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणण्यात कमीपणा कसला?