चाळिशीनंतरचा विसराळूपणा आणि योगाभ्यास

मागच्या पावसाळ्यात एक गुरुजी पत्नीसह दवाखान्यात आले. वय ४९, एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक. तक्रार सांगायला बाईच पुढे होत्या. "डॉक्टर, ह्यांच्या हल्ली काही लक्षातच राहत नाही. चष्मा कपाळावर आणि शोधतात घरभर. गॅसचा नंबर लावा म्हणून सांगितलं, चार दिवस पत्ता नाही." गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. बाई औषधाच्या दुकानात गेल्या तेव्हा हळूच म्हणाले, "आमच्या आबांना शेवटी शेवटी घरचा रस्ता सापडत नव्हता. माझंही तसंच होणार का?"

चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळांच्या मनात हा प्रश्न असतो, पण बोलून कोणी दाखवत नाही. म्हणून आज त्याविषयी.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यम वयातला विसराळूपणा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो, आणि त्यात खरा दोष स्मरणशक्तीचा नसून लक्षाचा असतो. चष्मा ठेवताना मन शाळेच्या तपासणीत, मुलीच्या लग्नात किंवा पतपेढीच्या हप्त्यात गुंतलेले असते. मेंदूत नोंदच झालेली नसते, मग आठवणार काय? अशा माणसाला आपण विसरतो हे कळते, त्याचा त्रासही होतो. याउलट रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न तासाभरात पुन:पुन्हा विचारणे, वर्षानुवर्षे केलेल्या हिशोबात घोटाळे होणे, स्वभाव एकदम पालटणे ही लक्षणे दिसली तर योगवर्ग शोधत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा.

गुरुजींचा रक्तदाब पाहिला तर १७०/१०४. विचारले, "गोळी चालू आहे ना?" म्हणाले, "तीन महिने झाले बंद केली. आता योगाला जातो ना!"

ही गोष्ट आम्हा डॉक्टरांना नवी नाही, तरी प्रत्येक वेळी वाईट वाटते. कारण मध्यम वयात दुर्लक्षित राहिलेला उच्च रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब करतो, आणि त्याची किंमत सत्तरीत मोजावी लागते. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सगळी दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा आजार लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य आणि कमी झालेले ऐकू येणे ही त्यातलीच. यातली बहुतेक मध्यम वयातच ठाण मांडतात. म्हणजे म्हातारपणच्या बुद्धीची मशागत याच वयात करायची असते. गुरुजी योग करत होते हे चांगलेच, पण गोळी सोडून ते एका हाताने पेरत आणि दुसऱ्या हाताने उपटत होते.

रक्ततपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी होते. शाकाहारी मंडळींत हे नेहमी आढळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही आढळते. थायरॉईडचे काम मंदावले तरी माणूस विसराळू होतो. झोपेत जोराने घोरणाऱ्याचा श्वास मध्येच अडत असेल तर त्याची झोप पुरी होत नाही आणि दिवसभर डोके जड राहते. बायकांना पाळी जाण्याच्या सुमारास रात्री घाम येतो, झोप मोडते, शब्द आठवत नाहीत. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. कोणत्याही आसनाने बी-१२ वाढत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

मग योगाने होते काय? श्वास सावकाश सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते आणि शरीर विश्रांतीच्या बाजूला झुकते. सततच्या काळजीने रक्तात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते, आणि मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग, जिथे नव्या आठवणी घडतात, त्याला ते दीर्घकाळ जास्त राहिलेले मानवत नाही. मन निवले, झोप लागली की दिवसभराच्या आठवणी पक्क्या व्हायला वाव मिळतो. शिवाय आसन करताना कोणता पाय पुढे, श्वास आत की बाहेर याकडे लक्ष ठेवावे लागते. भरकटलेले मन पुन्हा श्वासावर आणायचे, ते पुन्हा पळते, पुन्हा आणायचे. ही लक्षाचीच तालीम आहे.

आपल्याकडे योगाची शास्त्रीय तपासणी जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले, तेच मुळी या हेतूने. बुद्धीवरील परिणामांचे अभ्यास मात्र अलीकडचे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंचावन्नच्या पुढच्या ११८ जणांचे दोन गट केले. एकाने आठ आठवडे हठयोग केला, दुसऱ्याने साधे ताणाचे व्यायाम. योगाच्या गटाची एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवण्याची आणि ताजी माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता अधिक सुधारली. आशा वाटावी असा हा निष्कर्ष आहे, पण आठ आठवड्यांचाच. योगाने स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध झालेले नाही. तसे छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहावे. आणि भरभर चालण्याला योग हा पर्याय नाही. २०११ सालच्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. म्हणून दोन्ही करावे.

गुरुजींना सांगितले ते असे. रक्तदाबाची गोळी आजच सुरू, बी-१२ची इंजेक्शने. पहाटे अर्धा तास चालणे. मग वीस मिनिटे ताडासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन, कटिचक्रासन, भुजंगासन, शेवटी शवासन. पाच मिनिटे अनुलोम-विलोम, श्वास न कोंडता. झोपण्यापूर्वी भ्रामरी. सूर्यनमस्कार रक्तदाब आटोक्यात आल्यावर, आणि तेही सावकाश, आकडा न मोजता.

चार महिन्यांनी ते एकटेच आले. रक्तदाब १३२/८४. झोप लागते म्हणाले. विसरणे अजून आहे, पण पूर्वीइतके नाही. त्यातले किती श्रेय गोळीचे, किती इंजेक्शनचे आणि किती शवासनाचे, हे मी सांगू शकत नाही. त्यांनाही त्याची फिकीर नव्हती.

वाचकांपैकी कोणी सुरुवात करणार असतील त्यांच्यासाठी काही सूचना. पोट रिकामे हवे, जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन किंवा डोके खाली जाणारी आसने करू नयेत. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असेल तर जोरकस कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक टाळावा. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर सर्वांगासन व हलासन नको. गुडघे दुखत असतील तर वज्रासनाचा हट्ट नको, खुर्चीवर ताठ बसून प्राणायाम केला तरी चालतो. शिक्षक निवडताना आपले आजार त्याला आधी सांगावेत. ते न विचारताच जो पहिल्या दिवशी शीर्षासनाला उभे करतो, किंवा गोळ्या बंद करायला सांगतो, त्याच्या वर्गात दुसऱ्या दिवशी जाऊ नये.