हिऱ्याची धार आणि लोहाची ओढ : अतिअचूक यंत्रणातील हत्याराच्या झिजेची मीमांसा

प्रस्तावना :

काठिण्याच्या मोस मापश्रेणीत हिऱ्याला १० हा सर्वोच्च अंक आहे. शुद्ध लोह याच श्रेणीत ४ च्या आसपास येते. असे असूनही हिऱ्याच्या हत्याराने लोह वा पोलाद कापावयास घेतल्यास त्याची धार अल्पावधीतच निकामी होते. तांबे व ॲल्युमिनियम कापताना मात्र तीच धार दीर्घकाळ टिकते. या विसंगतीचा उलगडा केवळ काठिण्याच्या आधारे होत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व यंत्र अभियांत्रिकी या तिन्ही शाखांचा एकत्रित विचार करावा लागतो. तसा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धार टिकणे का आवश्यक आहे ?

एकस्फटिकी हिऱ्याच्या हत्याराने कातकाम करून धातूवर थेट आरशासारखा पृष्ठभाग मिळविता येतो. या पृष्ठभागाचा खडबडीतपणा अवघा काही नॅनोमीटर असतो. अवरक्त किरणांसाठीचे आरसे, तसेच प्लास्टिक भिंगांचे साचे या पद्धतीने तयार होतात. हत्याराच्या धारेचे प्रत्येक वैगुण्य पृष्ठभागावर उमटत असल्याने पूर्ण पृष्ठभाग एकाच धारेने कापून होणे इष्ट असते.

एक साधे गणित पाहू. २०० मिलिमीटर व्यासाची चकती कापताना हत्यार प्रत्येक फेऱ्यास ५ मायक्रोमीटर सरकते असे मानल्यास धारेला सुमारे ६.३ किलोमीटर अंतर कापावे लागते. पोलादावर धार काही शेकडो मीटरांतच बिघडू लागते. म्हणजेच कडेपासून सुरू झालेले काम केंद्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच आरसा वाया जातो.

झिजेचे प्रकार :

हिऱ्याच्या झिजेची कारणे स्थूलमानाने चार गटांत मांडली जातात :

१) धातू धारेस चिकटणे व निघताना हिऱ्याचे कण ओढून नेणे;
२) घर्षण, सूक्ष्म टवके उडणे व भंग;
३) उष्णतेमुळे होणारे परिवर्तन;
४) धातू व कार्बन यांच्यातील रासायनिक क्रिया.

पहिल्या दोन गटांतील झीज यांत्रिक स्वरूपाची आहे. हिऱ्याचे काठिण्य सर्व दिशांना सारखे नसते. हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीरही 'सोपी' दिशा शोधूनच हिरा घासतो. म्हणून हत्यार घडविताना स्फटिकाची दिशा विचारपूर्वक निवडली जाते. परंतु पोलादाच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो रासायनिक गट. जवळपास सारख्याच काठिण्याचे पितळ व मऊ पोलाद यांची तुलना केल्यास पोलादावरील झीज हजारो पटींनी अधिक आढळते.

रासायनिक झिजेचे स्वरूप :

सामान्य दाबाखाली कार्बनचे स्थिर रूप हिरा नसून ग्राफाइट आहे. हिरा टिकून राहतो, कारण त्यातील बंध तुटण्यास मोठी ऊर्जा लागते. निर्वातात हिऱ्याचे ग्राफाइट होण्यास सुमारे १५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. लोहाच्या सान्निध्यात मात्र हे परिवर्तन बरेच कमी तापमानास घडते. कापताना उघडा पडणारा धातूचा ताजा पृष्ठभाग ऑक्साइडच्या थरापासून मुक्त, म्हणून अत्यंत क्रियाशील असतो. हिऱ्यातून सुटलेला कार्बन त्यात विरघळतो. पोलाद हे मुळातच लोह व कार्बन यांचे संमिश्र असल्याने लोहाची ही ओढ आश्चर्यकारक नाही.

१९९६ मध्ये पॉल, इव्हान्स व सहकाऱ्यांनी या झिजेचा संबंध धातूतील अयुग्मित डी-इलेक्ट्रॉनांशी जोडला. लोहाच्या अणूत असे ४, क्रोमियममध्ये ५, तर निकेल व टायटॅनियममध्ये प्रत्येकी २ इलेक्ट्रॉन असतात. हे चारही धातू हिऱ्यास झिजवितात. तांबे व जस्त यांची डी-कक्षा पूर्ण भरलेली असते, तर ॲल्युमिनियममध्ये डी-इलेक्ट्रॉनच नसतात.

निकेलचे उदाहरण विशेष बोलके आहे. शुद्ध निकेल हिऱ्याने कापण्यास अयोग्य ठरते. परंतु विद्युतप्रवाहाशिवाय चढविलेला, भरपूर फॉस्फरसयुक्त निकेलचा मुलामा शुद्ध निकेलपेक्षा कितीतरी कठीण असूनही हिऱ्याने उत्तम कापला जातो. निकेलचे मोकळे इलेक्ट्रॉन फॉस्फरसशी होणाऱ्या बंधात गुंततात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

उपाययोजना :

म्हणूनच भिंगांच्या पोलादी साच्यांवर असा मुलामा देऊन तो थर कापण्याची पद्धत रूढ आहे. मात्र त्यामुळे एक प्रक्रिया वाढते आणि वापरात मुलामा निघण्याची शक्यता राहते. यास पर्याय म्हणून १९८३ मध्ये कॅस्टीव्हन्स यांनी कार्बनयुक्त वायूच्या वातावरणात पोलाद कापण्याचा प्रयोग केला. १९९१ मध्ये इव्हान्स यांनी अतिशीत तापमानाचा, तर जपानमधील मोरिवाकी व शामोतो यांनी स्वनातीत कंपनांचा उपयोग स्टेनलेस स्टीलसाठी केला. कंपनपद्धतीत धार व धातू यांचा संपर्क क्षणोक्षणी तुटतो. पुढे धारेस लंबवर्तुळाकार गती देण्याची पद्धत विकसित झाली व ती प्रत्यक्ष उत्पादनातही आली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, हत्याराचे आयुष्य त्याच्या एकट्याच्या काठिण्यावर नव्हे, तर हत्यार व धातू या जोडीच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. वर्गात मोस मापश्रेणी शिकविताना तिच्या जोडीला ही मर्यादाही विद्यार्थ्यांसमोर मांडली जाणे उचित ठरेल. मऊ लोह कठीण हिऱ्यास ओरखडत नाही. ते त्यातील कार्बन आपल्यात सामावून घेते.