डबी हातात, नाव दुसऱ्याचे

परभणीत जुना मोबाइल विकता येतो, जुनी मोटारसायकल विकता येते, दहावीची पुस्तके पुढच्या वर्षीच्या पोराला निम्म्या किमतीत देता येतात. म्हणून एखाद्या मुलाने जाहिरात बघून कॉम्प्युटर गेमची सेकंडहँड डीव्हीडी मागवली, तर त्यात त्याचे काहीच चुकत नाही. डबी येते. डीव्हीडीवर एक ओरखडा नाही, पुस्तिका शाबूत, तिच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या पट्टीवर पाच-पाचच्या तीन गटांत १५ अक्षरे. मुलगा ती एकेक करून टाइप करतो आणि पडद्यावर उत्तर येते: हा कोड दुसऱ्या खात्यावर आधीच वापरलेला आहे. डीव्हीडी खरी, कोड खरा, पैसेही खरे मोजलेले. गेम मात्र चालत नाही.

त्या १५ अक्षरांत नेमके काय असते, हे समजून घेताना मी थक्क झालो.

असा कोड म्हणजे ‘की’. आधी जुन्या काळातली की बघू. १९९८ साली आलेल्या ‘स्टारक्राफ्ट’ या गेमच्या डबीवर १३ अंक असायचे. ते तपासायचा तो घरातलाच कॉम्प्युटर. पहिल्या १२ अंकांवर तो ठरलेले गणित करी आणि उत्तर तेराव्या अंकाशी जुळले, की गेम सुरू. आपल्या आधार क्रमांकातला बारावा अंकही असाच आधीच्या ११ अंकांवरून काढलेला असतो. टाइप करताना एखादा अंक चुकला तर तो लगेच पकडला जातो. असे गणित आकडा बरोबर आहे का एवढेच सांगते. हा आकडा काल आणखी कोणी वापरला का, याची त्याला खबर नसते. त्यामुळे डबी या हातातून त्या हातात गेली, तरी प्रत्येक घरी ती नव्यासारखीच चाले. (इंटरनेटवर एकमेकांशी खेळताना मात्र एकच की एका वेळी दोघांना चालत नसे.) आणि शेवटचा अंक दहांपैकी एकच असू शकतो, म्हणून अंदाजाने ठोकलेल्या दहा आकड्यांत साधारण एक बरोबर निघायचा. कंपन्यांची झोप उडाली ती इथे.

मग १६ नोव्हेंबर २००४ रोजी व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ आला. एकट्याने खेळायचा गेम, तरी सुरू करण्यासाठी इंटरनेट हवेच. दुकानातून डबी घरी आणली, तरी तिच्यातल्या फाइली कुलूपबंद असत. आपली की कंपनीच्या ‘स्टीम’ या सेवेच्या सर्व्हरकडे जाई, ती मान्य झाली की कुलूप उघडण्याची सोय तिथून येई आणि त्याच क्षणी ती की आपल्या खात्याला कायमची जोडली जाई. त्या काळी परभणीत इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचे डायल-अप, नाहीतर सायबर कॅफे. जगभरच अशा गावांतल्या पोरांपुढे भरलेली डबी आणि बंद गेम असा पेच पडला होता.

आता गणिताची जागा नोंदवहीने घेतली. सातबाऱ्याच्या नेमके उलट म्हणा ना. शेत जागचे हलत नाही, फेरफार झाला की उताऱ्यावरचे नाव बदलते. इथे डबी गावोगाव फिरते आणि नोंदीतले नाव जागचे हलत नाही.

ही नोंदवही फोडता येईल का? २६ इंग्रजी अक्षरे आणि १० अंक अशी ३६ चिन्हे धरली, तर १५ जागांवर ती सुमारे २२ लाख परार्ध प्रकारे मांडता येतात. एकावर सतरा शून्ये म्हणजे एक परार्ध! देशातल्या १४० कोटी लोकांनी दर सेकंदाला एकेक की टाइप करायला घेतली, तर सगळ्या संपायला सुमारे ५० लाख वर्षे लागतील. त्या अफाट पसाऱ्यात कंपनीने खरोखर वाटलेल्या की म्हणजे चिमूटभरही नाहीत. त्यामुळे अंदाज चालत नाही. ज्याने पट्टी आधी खरवडून वाचली आणि आधी टाइप केली, नोंद त्याची.

एवढे असूनही कागदाला किंमत उरली होती, याचे मला अप्रूप वाटते. खाते हातचे गेले, तर मालकीचा पुरावा म्हणून स्टीमवाले की छापलेल्या कागदावर पेनाने तक्रारीचा क्रमांक लिहून त्याचा फोटो मागत.

कायद्याकडे वळले की गोष्ट आणखी रंगते. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कादंबरीचा खटला होता. एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये, असे प्रकाशकाने पुस्तकातच छापले होते आणि मेसीज हे दुकान ती ८९ सेंटला विकत होते. न्यायालयाने दुकानाच्या बाजूने कौल दिला: एकदा विकलेल्या प्रतीची पुढची किंमत प्रकाशक ठरवू शकत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही पुस्तकांच्या बाबतीत आधीच बाजारात आलेल्या प्रती मालकाच्या हक्कातून वगळलेल्या आहेत. कॉम्प्युटर प्रोग्रॅमला मात्र १९९४ साली वेगळा न्याय लावला गेला: प्रत पूर्वी विकली गेलेली असली, तरी विक्रीचा हक्क मालकाचाच. १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द गळले. पण कायद्यातून शब्द गळले म्हणून सर्व्हरवरची नोंद पुसली जात नाही.

परभणीकराला इथे हटकून बियाणे आठवते. इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला तोंड देणारा वाण म्हणून ती देशभर लावली गेली. वाण घडवणाऱ्याचा हक्क जपायला देशाने २००१ साली कायदा केला आणि त्याच कायद्याच्या ३९व्या कलमात शेतकऱ्याला घरचे बी राखायची, पेरायची, देवघेव करायची, विकायचीही मुभा ठेवली. अट एकच, ब्रँड लावून विकायचे नाही. घडवणारा आणि घेणारा या दोघांचा विचार एकाच कायद्यात करता येतो, हे आपण दाखवून दिले आहे. गेम विकत घेणाऱ्यालाही असेच एखादे कलम मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

युरोपात यावर झगडा झाला. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या प्रकरणात सांगितले, की कायमस्वरूपी विकत घेतलेले सॉफ्टवेअर पुढे विकता येते, फक्त विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे. २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयाने हाच न्याय स्टीमवरच्या गेमना लावला. २०२२ मध्ये अपिलात तो फिरवला गेला. ग्राहकांचा रेटा मात्र एकदा चालला. मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर झाला तेव्हा सेकंडहँड डिस्कवर बंधने येणार होती. लोक इतके चिडले, की मायक्रोसॉफ्टने महिन्याभरात माघार घेतली. म्हणून कन्सोलची जुनी डिस्क आजही सहसा बिनघोर घेता येते. कॉम्प्युटरची डबी घेताना मात्र विकणाऱ्याला आधी एकच विचारावे: याला ऑनलाइन ॲक्टिव्हेशन लागते का? हो म्हणाला, तर की कोरी असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

२०२४ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की गेम नव्हे तर फक्त वापराचा परवाना मिळतो आहे, हे डिजिटल दुकानाने गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगावे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ घातली. जुन्या बाजारात फिरणाऱ्या डब्यांवर ती ओळ अजून कोणी छापलेली नाही.