अमळनेरच्या टाकीतलं निकेल

अमळनेरचं नाव निघालं की बोलणं लगेच विप्रोच्या शेअरवर जातं. कुणाच्या आजोबांनी कागद ट्रंकेत जपले, कुणाच्या काकांनी मुलीच्या लग्नात विकून टाकले. या गोष्टी खऱ्याच आहेत. मला मात्र विप्रोच्या तिथल्या कारखान्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. बंद टाकीत, निकेलच्या भुकटीवर तेलाचं जे व्हायचं, ती.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी, म्हणजे आजची विप्रो, स्थापन केली आणि कारखाना अमळनेरला काढला. भोवती भुईमूग, तीळ आणि सरकीचा मुलूख; गावावरून सुरत-भुसावळ रेल्वे. माल दोन प्रकारचा: ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप आणि ‘७८७’ धुण्याचा साबण. ही जोडी या धंद्यात स्वाभाविकच आहे. कच्चं तेल शुद्ध करताना त्यात कॉस्टिक सोडा घालतात. तेलातली मोकळी आम्लं साबण होऊन खाली बसतात आणि तो गाळ साबणाच्या कामी येतो.

तेलापासून वनस्पती करण्याची कृती जगभर एकच. शुद्ध तेल बंद टाकीत दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवायचं, त्यात निकेलची बारीक भुकटी मिसळायची, खालून हायड्रोजन सोडायचा आणि ढवळत राहायचं. मधूनमधून नमुना काढून तपासायचा. तेल हवं तेवढं घट्ट झालं की निकेल गाळून काढायचं. शेकडा एक भागाहूनही कमी निकेल पुरतं. धातूवर हायड्रोजन जोडण्याची ही विद्या फ्रान्सच्या पॉल साबातिए यांची, त्यासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. ती तेलाला लावली जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी, १९०२ मध्ये.

निकेल नेमकं करतं काय? हायड्रोजनच्या रेणूतली दोन अणूंची जोडी फार घट्ट; एक मोल फोडायला ४३६ किलोज्यूल लागतात. निकेलच्या पृष्ठभागावर मात्र ती सहज सुटते, कारण सुटणाऱ्या प्रत्येक अणूला धातूशी नवा बंध मिळतो आणि तोडण्याची किंमत तिथेच वसूल होते. तेलाचा रेणू शेजारी आपल्या दुहेरी बंधाने धातूला चिकटतो. १९३४ मध्ये होरिउती आणि पोलानी यांनी पुढचा क्रम मांडला: हायड्रोजनचे अणू दोन्ही एकदम जोडले जात नाहीत, एकामागून एक जोडले जातात. पहिला जोडला गेला की रेणू अर्धवट अवस्थेत थांबतो. दुसरा वेळेवर मिळाला तर काम पुरं. पृष्ठभागावर हायड्रोजनचा तुटवडा असेल तर रेणू घेतलेला अणू परत देतो आणि दुहेरी बंध पुन्हा तयार होतो. पण तेवढ्यात रेणूतली कार्बनची साखळी फिरलेली असू शकते. वाकडी होती ती सरळ होते. हाच ट्रान्स फॅट. हृदयविकाराशी ज्याचा संबंध आज पक्का झाला आहे, तो पदार्थ या परतीच्या पावलातून जन्मतो.

तापलेल्या टाकीत डोकावून हे दिसणार नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी उलट टोक गाठलं. हवेच्या दाबाच्या लाख कोटीव्या भागाहूनही कमी दाबाची पोकळी, त्यात घासून लख्ख केलेला धातूचा एकच स्फटिक, आणि त्यावर नेम धरून सोडलेला अणूंचा झोत. अणू कोणत्या कोनात उसळतात, किती चिकटतात, काय बनून परततात, यावरून पृष्ठभागाचा स्वभाव कळतो. १९३० च्या सुमारास हॅम्बुर्गला ओटो श्टेर्न यांनी हीलियमचा झोत क्षारांच्या स्फटिकांवर मारून अणूही लाटेसारखे वागतात हे दाखवलं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सिल्व्हिया सेयर यांच्या गटाला निकेलमध्येच एक नवल सापडलं: पृष्ठभागावर बसलेला हायड्रोजन तिथल्या मिथाइल (CH₃) गटाला शिवत नाही, धातूच्या आत शिरलेला हायड्रोजन वर येताना मात्र त्याचा मिथेन करून टाकतो. मला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो. शतकभर वापरात असलेल्या धातूचं आतलं अंग त्याने उघड केलं. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. एस. गोपीनाथ यांच्या गटाने रेणूंच्या झोताचं असंच उपकरण उभारून पॅलेडियमवरच्या अभिक्रिया मोजल्या आहेत.

वनस्पतीवर आपल्या देशात वादही खूप झाला. तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल सक्तीचं झालं. फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की तीळ असलेला नमुना लालबुंद होतो. ट्रान्स फॅटची मर्यादा पुष्कळ उशिरा आली. तेल-तुपात ती २०२१ मध्ये तीन टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली.

जळगावच्या विद्यापीठात आणि धुळे, अमळनेरच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. निकेलसारख्या उत्प्रेरकांचा धडा अमळनेरपासून सुरू करा. त्या टाक्यांवर पाळ्या केलेली माणसं गावात भेटतील तोवर त्यांच्याकडे जा. निकेल कधी मंदावायचं, नमुना कसा ओळखायचा, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.