चौकट : टेबलावरचं मलकपेठ

छोट्या रेल्वेच्या मांडणीसाठी भारतीय स्थानकांचे तयार संच क्वचितच मिळतात. म्हणून हैदराबादच्या काचीगुडा-फलकनुमा मार्गावरचं मलकपेठ स्थानक छोट्या रूपात हवं असेल, तर पुठ्ठा कापण्यापासूनच सुरुवात. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात २.१ मीटरचं दार २४ मिलिमीटरचं होतं, ८४० मिलिमीटर उंचीचा फलाट जेमतेम १० मिलिमीटरचा. भिंतींना सनबोर्ड, खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक.

पन्हळी पत्र्यासाठी खोक्याचा पुठ्ठा मात्र वापरू नका. खऱ्या पत्र्याची पन्हळ ७५ मिलिमीटरची, म्हणजे इथे १ मिलिमीटरहूनही कमी. खोक्याची पन्हळ फारच ढोबळ दिसते. अॅल्युमिनियम फॉइलवर शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधारे रेघा ओढल्या की पत्रा हुबेहूब दिसतो.

एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या प्रमाणात खरं तर १९.३ मिलिमीटर भरायला हवा. ही तफावत बहुतेक छंदिष्ट स्वीकारतात.

हात बसला की शेजारचं काचीगुडा घ्या. १९१६ची ती निजामकालीन इमारत, तिचे घुमट म्हणजे खरी कसोटी. मोठी मांडणी पाहायची असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. मुलांना घेऊन जरूर जा.